घर कागदावर ठेवणारं ग्रंथालय

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या जुने शहरातल्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. सायन्स घ्यावं की कॉमर्स, आयटीआय बरं की पॉलिटेक्निक. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न आला आहे. "सर, पोराचं ड्रॉइंग चांगलं हाये. आर्किटेक्चरले टाकू काय? तिथं शिकवतेत तरी काय?" पोरानं किंवा पोरीनं एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा चांगल्या श्रेणीत दिलेल्या असतात, म्हणून हा विचार मनात येतो.

याचं सरळ उत्तर आधी देतो. बी.आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. १९७२ च्या वास्तुविद कायद्यानुसार स्थापन झालेली वास्तुकला परिषद त्याचे नियम ठरवते आणि या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणाला स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. प्रवेशासाठी बारावीबरोबर नाटा नावाची अभिरुची चाचणी असते. काही ठिकाणी जेईईचा दुसरा पेपर चालतो. आपल्या विदर्भात नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत हा विभाग आहे, खाजगी महाविद्यालयंही आहेत. एवढी माहिती कुठंही मिळते.

पण तिथं शिकवतात तरी काय, हे समजून घ्यायचं असेल तर मी पालकांना एकच सांगतो. मुलाला घेऊन एखाद्या वास्तुकला महाविद्यालयात जा आणि फी विचारायच्या आधी तिथलं ग्रंथालय बघा. अर्धा तास तिथं काढला की कॉलेज कसं आहे ते कळतं. आणि आपल्या जुन्या शहराशी या ग्रंथालयाचा काय संबंध, हेही कळतं. या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

तिथं काय असतं?

पुस्तकं असतातच. ग्रंथालयात ड्युईची दशांश पद्धत वापरत असतील तर ७२० च्या आसपास वास्तुकला सापडेल. ७२६ ला देवळं, मशिदी, चर्च. ७२८ ला राहती घरं. नियतकालिकांच्या मांडणीवर भारतीय वास्तुविद संस्थेचं जर्नल दिसतं, ते १९३४ पासून निघतं. जुन्या संग्रहात 'मार्ग'चे अंक असतात. मुल्कराज आनंद यांनी १९४६ साली मुंबईत सुरू केलेलं हे कलाविषयक नियतकालिक. त्याचं नाव मुळात आधुनिक वास्तुकलेवर संशोधन करणाऱ्या एका गटाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं, हे आपल्या फार कमी लोकांना माहीत असतं.

काही महाविद्यालयांत साहित्याचं कपाट असतं. साहित्य म्हणजे कथा-कविता नव्हे, बांधकामाचं साहित्य. विटांचे, फरशांचे, कौलांचे, लाकडाचे तुकडे, त्यावर चिठ्ठी. विद्यार्थ्यानं हातात घेऊन वजन बघायचं, पाण्यात बुडवून ठेवायचं, वीट किती पाणी पिते ते पाहायचं. ग्रंथालयात वीट ठेवतात हे ऐकून आमच्या शाळेतली मुलं खूप हसली होती.

सूचनाफलकावर नवीन आलेल्या पुस्तकांची यादी तर असतेच, त्याशिवाय वर्षभर काही ना काही चालू असतं. १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी जागतिक वास्तुकला दिन, १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. या निमित्तानं प्रदर्शनं लागतात, एखादं पुस्तक घेऊन चर्चा होते. आपल्या शाळांत याच दिवशी जे फलक-लेखन होतं, त्याहून हे फार वेगळं नसतं. फरक पडतो तो प्रदर्शनात काय मांडतात त्यात. तिथं बहुतेकदा विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून काढलेले नकाशे लागलेले असतात.

हे नकाशे एरवी कुठं असतात ते ग्रंथपालांना विचारा. ते तुम्हाला रुंद, उथळ खणांच्या कपाटापाशी नेतील, नाहीतर एका कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या गुंडाळ्या दाखवतील. अलीकडचं बरंचसं काम संगणकावरही असतं. पुस्तकं विकत आणता येतात, जळाली-भिजली तरी दुसरी प्रत मिळते. या खणांतल्या कागदांची दुसरी प्रत कुठंच मिळत नाही. माझ्या मते वास्तुकलेच्या ग्रंथालयाची खरी श्रीमंती त्या खणांत असते.

मोजणी-चित्र म्हणजे काय?

उभ्या असलेल्या इमारतीची टेप लावून मापं घ्यायची आणि प्रमाणात तिचं चित्र काढायचं, याला वास्तुकलेत 'मेझर्ड ड्रॉइंग' म्हणतात. आपण मोजणी-चित्र म्हणू. नवीन घराचा नकाशा आधी निघतो आणि घर मागाहून होतं. इथं उलटं आहे. घर शंभर वर्षं उभं आहे आणि कागद आज तयार होतो आहे.

यात तीन प्रकारची चित्रं लागतात. मुलांना मी ती वांग्यावर समजावतो. वांगं आडवं कापून वरून पाहिलं तर जी चकती दिसते तो तलविन्यास, म्हणजे प्लॅन. घर साधारण चार फुटांवर आडवं कापलं आणि वरचा भाग उचलून ठेवला अशी कल्पना करायची. दारं, खिडक्या, भिंतींची जाडी, सगळं दिसतं. वांगं उभं चिरलं तर दिसतो तो छेद. आणि न कापता समोरून जे दिसतं ते दर्शनी चित्र. फोटोतून फक्त तिसरं मिळतं. भिंत दीड फूट जाड आहे की अडीच, धाब्यावर मातीचा थर किती, माजघराची भुई ओसरीपेक्षा किती उंच, हे फोटो सांगत नाही.

महाराष्ट्रात हे शिकवण्याची परंपरा जुनी आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच जे. जे. तिथं १८९६ साली आरेखकांसाठी वास्तुकलेचा वर्ग निघाला आणि १९१३ साली स्वतंत्र विभाग झाला. पुढं १९२३ ते १९४३ या काळात क्लॉड बॅटली हे इंग्रज वास्तुविद तिथले प्रमुख होते. इंग्रज असूनही त्यांचा आग्रह असा, की विद्यार्थ्यांनी ग्रीस-रोमच्या खांबांच्या नकला काढत बसू नये, जवळची देवळं, वाडे, हवेल्या जाऊन मोजाव्यात. विद्यार्थ्यांनी मोजून काढलेल्या अशा चित्रांचा संग्रह त्यांनी १९३४ साली पुस्तकरूपानं काढला. भारतीय वास्तुकलेची वाढ कशी झाली हे त्यात प्रामुख्यानं चित्रांतूनच सांगितलेलं आहे.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी याच जे. जे.मध्ये शिकले. पॅरिसला जाऊन ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केलं आणि १९६२ साली अहमदाबादला वास्तुकलेची शाळा काढली, आजचं सेप्ट विद्यापीठ. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. भारतीय माणसाला तो पहिल्यांदाच. त्या परिसरात राहुल मेहरोत्रा यांनी बांधलेलं लीलावती लालभाई ग्रंथालय आता उभं आहे. त्याचा बराचसा भाग जमिनीच्या खाली आहे आणि वरच्या भागाला उघडझाप करता येणाऱ्या झडपा आहेत. ऊन-वारा पाहून त्या हलवायच्या. अहमदाबादचा उन्हाळा आपल्या अकोल्यासारखाच. जमिनीखाली गारवा असतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, तेच तिथं मुलं रोज बसून शिकतात.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची नासा नावाची देशपातळीवरची संघटना आहे (अवकाशवाली नव्हे, पोरं आधी तेच विचारतात). तिच्या वार्षिक स्पर्धांमध्ये लुई कान करंडक खास दस्तऐवजीकरणासाठी असतो. एखादं गाव, गल्ली, वाडा निवडून मुलं तिथं दिवस काढतात, मोजतात, लोकांशी बोलतात आणि ते सगळं कागदावर आणतात. स्पर्धा संपली तरी ते काम कॉलेजच्या संग्रहाच्या कामी येतं.

कागद नसला की काय होतं

पुण्याचा शनिवारवाडा पहा. १७३० साली पाया, १८२८ साली आग. आज तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, आतली जोती आहेत, हौद आणि कारंजी आहेत. पण पेशव्यांच्या काळचा तो सागवानी वाडा आतून नेमका कसा होता, कुठला जिना कुठं निघत होता, हे जोत्यांवरून आणि जुन्या वर्णनांवरून ताडावं लागतं. मराठ्यांच्या काळातली घरं-वाडे यांवर म. श्री. माटे यांनी १९५९ साली पुस्तक लिहिलं, तेही उभ्या आणि पडक्या वाड्यांत फिरून.

आता याच्या उलट पॅरिसचं उदाहरण. तिथल्या नोत्र दाम कॅथेड्रलचं मध्ययुगीन ओक लाकडाचं छत १५ एप्रिल २०१९ ला जळून कोसळलं. योगायोगानं पाच वर्षं आधी, २०१४ साली, रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या दोन वास्तुविदांनी त्या छताची लाकूड न् लाकूड मोजून चित्रं काढलेली होती. अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकांनी लेसरनं घेतलेली मापंही होती. सुतारांनी त्या आधारानं छत पुन्हा उभं केलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल उघडलं. टॅलन मात्र ते जळण्याआधीच, २०१८ साली वारले होते.

अमेरिकेचं उदाहरण मला शिक्षक म्हणून जास्त आवडतं. १९३३ सालची मंदी, हजारो वास्तुविद बेकार. चार्ल्स पीटरसन यांनी सुचवलं, की या लोकांना रोजगार द्या आणि देशभरातल्या जुन्या इमारती मोजून घ्या. सुरुवात एक हजार माणसं आणि दहा आठवडे अशी होती. काम पुढं चालूच राहिलं. ती सगळी चित्रं तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात ठेवलेली आहेत आणि कुणालाही फुकट पाहता येतात. त्यात मोठमोठ्या हवेल्या आहेत तशी धान्याची कोठारं आणि साधी लाकडी घरंही आहेत.

आता आपल्याकडे

मोर्णेच्या पश्चिम काठाला जुनं अकोला, पूर्वेला ताजनापेठ आणि इंग्रजांच्या काळात वाढलेलं गाव. आपल्याकडचा किल्ला असदगड, औरंगजेबाच्या राजवटीतल्या असदखानाच्या नावाचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यानं गावाची तटबंदी भक्कम केली. अगरवेशीवरच्या लेखात मात्र हे काम गोविंद आप्पाजींनी १८४३ साली केल्याचं म्हटलं आहे. एकाच किल्ल्याच्या दोन दगडांवर दोन वेगळ्या गोष्टी! इतिहासाच्या तासाला याहून चांगला धडा कुठून आणायचा? नोव्हेंबर १८०३ मध्ये अडगावच्या लढाईआधी आर्थर वेलस्ली इथं तळ देऊन होता. पुढं इंग्रजांनीच १८७० च्या सुमारास तट पाडला. किल्ल्याच्या मधल्या हवाखान्यात शाळा भरते अशी नोंद १९१० च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे आपल्या आधीचे मास्तर तिथं फळा लावून शिकवत होते. तट गेला, दहीहांडा वेस, अगरवेस ही नावं तेवढी पत्ता सांगायला राहिली.

किल्ल्याबद्दल निदान गॅझेटियरमध्ये चार ओळी तरी आहेत. घरांबद्दल तेवढंही नाही. आमच्या शाळेच्या आसपास अजून काही जुनी घरं उभी आहेत. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि कड्या, त्यावर धाबं. धाब्यावर दर पावसाळ्याआधी खारी माती टाकून चोपायची. समोर ओसरी, आत चौक, माजघर, मागं परसदार. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा या माजघरात जाऊन बसा. मातीची जाड भिंत उन्हाची धग आत पोचू द्यायला कित्येक तास लावते, तोवर संध्याकाळ होते. मी या घरांचं उगाच कौतुक करत नाही. धाबं गळतं, उंदीर होतात, दर वर्षी माती टाकायला आता माणूस मिळत नाही, भावाभावांत वाटण्या झाल्या की एका चौकात तीन चुली येतात. लोक पाडून स्लॅबचं बांधतात. त्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

पण पाडायच्या आधी दोन रविवार तर मिळू शकतात. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, दिवाळीनंतर आमचं घर पाडणार हायेत." त्याच्या वडिलांना विचारलं, त्यांनी आनंदानं हो म्हटलं. दोन टेप, एक ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, पुठ्ठ्याला चिमटा लावून कागद, आणि नऊ मुलं-मुली घेऊन आम्ही गेलो. त्याच्या आजी दारातच बसल्या होत्या. "मातीच्या भितीले कायले मोजता, बाप्पा?" असं म्हणाल्या. मग तासाभरानं स्वतःच उठून प्रत्येक खोलीचं नाव सांगू लागल्या.

मोजताना

गणिताच्या शिक्षकांनी हा भाग जरूर वाचावा.

आधी न मोजता, नुसतं पाहून हातानं कच्चा आराखडा काढायचा. तो वाकडा असला तरी चालतो. त्यावर मापं लिहायची. भिंतीवरची मापं तुकड्या-तुकड्यानं घ्यायची नाहीत. टेपचं शून्य कोपऱ्यात धरून ठेवायचं आणि टेप न उचलता दाराची सुरुवात, दाराचा शेवट, कोनाडा, पुढचा कोपरा, असे आकडे ओळीनं वाचायचे. प्रत्येक वेळी नव्यानं टेप लावली की दरवेळी थोडी चूक होते आणि चुका साचत जातात.

मग कर्ण. हे मुलांना सगळ्यात आवडलं. माजघर १२ फूट बाय ९ फूट भरलं. पायथागोरसप्रमाणे कर्ण १५ फूट यायला हवा. १४४ अधिक ८१ बरोबर २२५. प्रत्यक्षात एक कर्ण १५ फूट ३ इंच आला आणि दुसरा १४ फूट ९ इंच. मुलं म्हणाली, सर मोजायला चुकलं. पुन्हा मोजलं, तेच. मग एकीच्या लक्षात आलं, खोलीचे कोपरेच काटकोनात नाहीत, खोली तिरकी आहे. का तिरकी? बाहेर येऊन पाहिलं तर गल्लीच तिरकी होती आणि घर गल्लीला धरून बांधलेलं. समांतरभुज चौकोनाच्या चारही बाजूंच्या वर्गांची बेरीज दोन कर्णांच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते, हे मग आम्ही फळ्यावर ताडून पाहिलं. ४५० ला अगदी जवळचं उत्तर आलं. पुस्तकातला आयत जुन्या घरात क्वचितच सापडतो, म्हणूनच दोन्ही कर्ण मोजायचे.

उंचीसाठी ओळंबा आणि पाण्याची नळी. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं, त्यामुळे ओसरीपेक्षा माजघर किती वर आहे हे भिंत मध्ये असली तरी कळतं. गवंडी हेच करतात. विज्ञानाच्या तासाला आपण फक्त त्याचं नाव सांगतो. मोबाईलवर मोजायचं ॲप असतं असं पोट्टे म्हणाले. असू द्या. आधी टेप.

भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजायची. आमच्या त्या घरात ती दोन फूट भरली.

शाळेत आल्यावर १:५० या प्रमाणात कागदावर उतरवायचं. म्हणजे जमिनीवरचे ५० सेंटिमीटर कागदावर १ सेंटिमीटर. १२ फूट म्हणजे ३६६ सेंटिमीटर, कागदावर ७.३. ९ फूट कागदावर ५.५. दोन फुटांची भिंत १.२ सेंटिमीटर. साध्या ए-फोर कागदावर या प्रमाणात जवळपास १५ मीटर बाय साडेदहा मीटरचं घर मावतं, म्हणजे वर्गातल्या बहुतेक मुलांचं. गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणं वहीत सोडवून जे होत नाही ते इथं होतं. एक पोरगा सेंटिमीटर आणि इंच यांची गल्लत करत होता, त्याचा खांब माजघराएवढा झाला, आणि ते त्याचं त्यालाच दिसलं. शेजारी राहणारे एक सुतारकाका चौकट पाहायला आले होते, त्यांनी मुलांना सूत शिकवलं. आठ सुतांचा एक इंच. सागाच्या चौकटीचं काम अजून सुतातच बोलतात.

नावं लिहिताना

इथं मला एक गोष्ट लक्षात आली, जी वास्तुकलेच्या ग्रंथालयांनाही उपयोगी पडेल असं वाटतं.

मोजणी-चित्रांवर खोल्यांची नावं लिहिलेली असतात आणि ती बहुधा इंग्रजी असतात. व्हरांडा, कोर्ट, स्टोअर, लिव्हिंग. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढंच सुचतं, त्यात त्याचा दोष नाही. आमच्या मुलांनी चित्रावर आधी 'स्टोअर' लिहिलं. आजींनी विचारलं काय लिहिलं, आणि म्हणाल्या, "स्टोर कायचं, बळद होय ते." भिंतीला लागून बांधलेली धान्याची बंद कोठी. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं, भोक शेणामातीनं लिंपून टाकायचं. वापर बंद होऊन कैक वर्षं झाली होती, त्या घरातल्या नातवालाही ती जाड भिंतच वाटत होती. मग आम्ही एक वेगळा कागद घेतला आणि नुसते शब्द लिहीत गेलो. ढेलज, ओसरी, देवळी, खुंटी, तुळई, कडी, पेव. चौकातल्या ज्या कोपऱ्यात आजींची जात्याची जागा होती, तिथं आता काहीच नव्हतं. मुलांनी तुटक रेघेनं वर्तुळ काढून 'जातं' असं लिहिलं. मोजणी-चित्रात नसलेली वस्तू तुटक रेघेनंच दाखवतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आर्किटेक्चर कॉलेजच्या मुलांना टेप, सॉफ्टवेअर, प्रमाण, सगळं आपल्यापेक्षा चांगलं येतं. हे शब्द मात्र त्यांना इथूनच मिळणार, आणि सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. घर पाडायला जेसीबीला एक दिवस लागतो. 'बळद' हा शब्द जायला त्याहूनही कमी लागतो, कारण तो गेल्याचं कुणाला कळतच नाही.

ते घर दिवाळीनंतर पडलं. तिथं आता खाली गाळा आणि वर दोन मजले आहेत, घरचे खूश आहेत. चित्रांचे पाच कागद शाळेच्या कपाटात आहेत. एक प्रत घरच्यांना दिली, ती त्यांनी फ्रेम करून नव्या घरात लावली.

शाळेत ठेवायचं कसं

कपाट असलं की झालं असं नाही. अकोल्याची धूळ आणि वाळवी शिक्षकांना सांगायला नको. कागद घडी घालून ठेवू नका, घडीवर तो आधी फाटतो. मोठ्या पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत सपाट ठेवा. भिंतीला चिकटून किंवा जमिनीलगत ठेवू नका. पेन्सिलीचं चित्र असेल तर मध्ये कोरा कागद घाला. मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढून दुसऱ्या ठिकाणी साठवा. सेलोटेप लावू नका, वर्षाभरात ती पिवळी पडते आणि कागद खाते.

प्रत्येक कागदावर कोपऱ्यात चौकट आखून त्यात गल्लीचं नाव, मोजल्याची तारीख, प्रमाण, उत्तर दिशेचा बाण आणि मोजणाऱ्या मुलांची नावं लिहा. घरमालकांचं नाव त्यांना विचारूनच लिहायचं. घराच्या आत कोण कुठं झोपतं, कुलूप कुठं असतं, अशा गोष्टी लिहायच्या नाहीत. चित्र बाहेर दाखवायचं की नाही हेही त्यांनाच विचारा. मग शाळेच्या दाखल नोंदवहीत पुस्तकासारखाच क्रमांक द्या. मुलांना आपल्या कागदाला दाखल क्रमांक पडलेला पाहून जो आनंद होतो तो बक्षिसानं होत नाही. शक्य झालं तर एक प्रत गावातल्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना आधी पत्र लिहा, नमुन्याचा एक कागद सोबत जोडा. बहुतेकांना अशी गोष्ट हवीच असते, आणि बदल्यात त्यांची दोन-चार मुलं शाळेत येऊन शिकवून जातात.

आता ज्या पालकांनी सुरुवातीचा प्रश्न विचारला होता त्यांच्यासाठी थोडं. मुलाचं चित्र चांगलं आहे एवढ्यावर निर्णय घेऊ नका. त्याला एखाद्या सुट्टीत स्वतःचं घर मोजायला लावा. त्यात तो रमला, भिंत का जाड आहे असं विचारू लागला, कर्ण जुळला नाही म्हणून पुन्हा मोजायला गेला, तर त्याला हा अभ्यास जमेल. तासाभरात कंटाळला तर चित्रकलेची दुसरी वाट बघा, त्यातही काही कमी नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात गेलात की विचारा, विद्यार्थ्यांनी मोजलेलं जुनं काम कुठं ठेवता? कुठल्या गावांचं आहे? नवीन विद्यार्थी ते बघतात का? वऱ्हाडातलं एखादं घर त्यात आहे का, तेही विचारा.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ओसऱ्यांवर माणसं बसलेली असतात. यंदा त्या दिवशी मुलांना एक काम दिलं आहे. कावडीच्या वाटेवर अजून ओसरी असलेली घरं किती, ते मोजायचं आणि प्रत्येकाची दर्शनी बाजू हातानं काढायची. नंतर त्यातली तीन घरं टेप लावून मोजू. ज्यांच्या घरी यायला हरकत नसेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे सांगून ठेवावं. रविवारी सकाळी येऊ, चहा नको, आजीआजोबा घरी असले म्हणजे झालं.